पडला कुठे नव्हे, अडला कुठे: हायस्कूल फुटबॉलमधली फॉरवर्ड प्रोग्रेस

ऑक्टोबरात आई सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. एका शुक्रवारी संध्याकाळी तिला नातवाची शाळेची अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाची, मॅच बघायला घेऊन गेलो. अंगावर दोन शाली, हातात हॉट चॉकलेटचा कागदी ग्लास, आणि नजर मात्र पहिल्या मिनिटापासून मैदानावर. तिसऱ्या डाऊनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, आमचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा पोरगा, चेंडू काखेत मारून गर्दीत घुसला. समोरच्या दोन दांडग्या पोरांनी त्याला छातीवर घेतलं आणि तसंच मागे रेटत नेऊन पाडलं. आई हळहळली. तेवढ्यात पंच आला, त्याने चेंडू उचलला आणि पोरगा पडला होता तिथून चांगला अडीच यार्ड पुढे नेऊन ठेवला. आमच्या बाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले.

“अरे, पोरगं पडलं इथं आणि चेंडू ठेवला तिथं? चालतं होय असं?”

चालतं. नुसतं चालत नाही, या खेळाचं निम्मं गणित त्यावर आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कितीतरी आईबापांना मुलाच्या मॅचमध्ये नेमकी हीच गोष्ट कळत नाही आणि ते शेजारच्याला विचारायला लाजतात. मीही लाजायचो. मग मुलगा दहावीत असताना शाळेच्या चेनवर, म्हणजे साइडलाइनला काठ्या धरून उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांत, माझी वर्णी लागली आणि पंचांच्या दोन हात अंतरावरून हा नियम बघायला मिळाला. त्या जागेवरून जे दिसलं ते इथे लिहितो.

आधी मैदान, एका दमात

मैदान १०० यार्ड लांब, १६० फूट रुंद. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन. एक यार्ड म्हणजे तीन फूट. चेंडू ज्यांच्याकडे तो ऑफेन्स, अडवणारे ते डिफेन्स. ऑफेन्सला चार डाऊन, म्हणजे चार प्रयत्न, आणि त्यात किमान दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की नवे चार डाऊन. याला फर्स्ट डाऊन मिळाला असं म्हणतात. नाही सरकले तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्ले, म्हणजे त्यातला एकेक प्रयत्न, संपला की चेंडू एका ठिकाणी ठेवतात, तो स्पॉट. पुढचा प्ले तिथून. म्हणजे स्पॉट अर्धा यार्ड इकडेतिकडे झाला तरी चौथ्या डाऊनला सगळं फिरू शकतं.

‘डाऊन’ हा शब्द कुठून आला ते मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकात पकडला गेलेला खेळाडू स्वतःच ओरडायचा, ‘डाऊन!’ म्हणजे झालं, सोडा आता. कबड्डीत दम संपल्यासारखंच. १८८२ मध्ये या खेळाचे सुरुवातीचे नियम घडवणाऱ्या वॉल्टर कॅम्पच्या पुढाकाराने तीन डाऊनमध्ये पाच यार्ड असा हिशोब आला, १९०६ मध्ये पाचाचे दहा यार्ड झाले आणि १९१२ मध्ये चौथा डाऊन मिळाला. आता ओरडायचं काम खेळाडूकडे नाही, पंचांकडे आहे. तो कुठे अडला हे ठरवणं हेच ते काम.

नियम नेमका काय म्हणतो

हायस्कूल फुटबॉलचे नियम नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स ही इंडियानापोलिसची संस्था काढते. जवळजवळ सगळी राज्यं तेच पुस्तक वापरतात. टेक्सासमध्ये मात्र कॉलेजचे नियम चालतात, त्यामुळे डॅलस-ह्यूस्टनच्या मंडळींनी इथले बारकावे तिथल्या पंचांना ऐकवू नयेत.

पुस्तकाच्या भाषेचं सार असं: रनरच्या, म्हणजे चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या, आगेकुचीचा जिथे शेवट होतो ती त्याची फॉरवर्ड प्रोग्रेस आणि चेंडूचा स्पॉट तिथे. दुसरीकडे, चेंडू ‘डेड’ कधी होतो हेही दिलंय: रनर मैदानाबाहेर गेला, किंवा तळहात आणि पाऊल सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागला, किंवा त्याला असा धरून ठेवला की त्याची आगेकूच थांबली. या तीनपैकी जे आधी घडेल ते. आईने पाहिलेल्या प्लेमध्ये तिसरी गोष्ट आधी घडली होती, गुडघा नंतर टेकला. गुडघा टेकेपर्यंत चेंडू केव्हाच डेड झालेला होता.

असं का ठेवलं? नसतं ठेवलं तर काय झालं असतं याचा विचार करा. सव्वाशे किलोचे दोघे जण एका पोराला उचलून वीस यार्ड मागे नेऊन टाकतील, तो बिचारा हातपाय झाडत राहील आणि बाकीचे येऊन अंगावर पडतील. कबड्डीत पकडलेल्या चढाईपटूला मागे ओढणं हाच खेळ आहे, कारण त्याला मध्यरेषा गाठायची असते आणि ती त्याच्या मागे असते. इथे उलटं आहे. रनरला पुढे जायचंय, आणि डिफेन्सला बक्षीस मिळतं ते त्याला अडवण्याचं. अडवल्यानंतर तुम्ही त्याला किती मागे नेलंत याचा एक इंचही तुमच्या खात्यात जमा होत नाही. आईला मी हे असं सांगितलं तेव्हा तिला लगेच पटलं. आमचे मामा कबड्डी खेळायचे, त्यामुळे ओढाओढीचं शास्त्र तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पहिली पायरी: माणूस सोडा, चेंडू बघा

आपली नजर साहजिकच माणसावर जाते. त्याचं डोकं, त्याचे खांदे, त्याची पडण्याची जागा. यातलं काहीही मोजलं जात नाही. मोजलं जातं ते चेंडूचं सर्वांत पुढचं टोक, म्हणजे त्याचं नाक. रनरचा पाय रेषेच्या पुढे आहे, पण चेंडू मागच्या काखेत आहे, तर रेषा पार झाली नाही. उलट शरीर रेषेच्या मागे आहे आणि हात लांब करून चेंडू पुढे काढलाय, तर झाली.

म्हणून प्ले सुरू झाला की स्वतःला सवय लावायची: चेंडू कुठल्या हातात आहे? पहिल्या चार-पाच मॅचमध्ये हे जमत नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातातून ऑफेन्सचा प्रत्येक प्ले सुरू होतो तो पोरगा, हूल देतो, चेंडू दिल्यासारखा करतो आणि आपण रिकाम्या हाताच्या पोराच्या मागे नजर पळवतो. त्यात लाज नाही, डिफेन्सही फसतोच की.

एक गोष्ट टीव्हीवर प्रोफेशनल सामने बघणाऱ्यांसाठी. तिथे कोणाचाही स्पर्श न होता रनर घसरून पडला तर तो उठून पुन्हा पळू शकतो. हायस्कूलमध्ये नाही. एकटाच घसरला, गुडघा टेकला, चेंडू डेड. ओल्या गवतावर हे हमखास घडतं आणि स्टँडमधून “ऊठ, पळ!” असा ओरडा होतो. पंच बहिरा नसतो, त्याचं पुस्तक वेगळं असतं. अपवाद एकच, किकसाठी चेंडू धरून गुडघ्यावर बसलेल्या होल्डरचा.

दुसरी पायरी: मागे कोणी नेलं?

इथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात. रनर मागे गेला एवढं पुरेसं नाही. तो समोरच्याच्या रेट्याने मागे गेला की स्वतःच्या मर्जीने?

आकडे घेऊन बघू. रेषेचा आकडा म्हणजे त्या बाजूच्या एंड झोनपासूनचं अंतर. चेंडू समोरच्यांच्या ३८ यार्ड रेषेवर, तिसरा डाऊन, दोन यार्ड हवेत. म्हणजे ३६ ची रेषा गाठायची. रनर साडेपस्तीसपर्यंत जातो, तिथे डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला लाइनबॅकर त्याला कवेत घेतो आणि रेटत ३८ वर नेऊन आपटतो. स्पॉट साडेपस्तीस. फर्स्ट डाऊन मिळाला.

आता तोच रनर साडेपस्तीसवर पोचतो, समोर भिंत दिसते, कोणी धरलेलं नसताना गिरकी घेतो, दुसऱ्या बाजूने वाट काढायला मागे ३८ वर येतो आणि तिथे पकडला जातो. स्पॉट ३८. आधी गाठलेले अडीच यार्ड गेले. ते त्याने स्वतः परत केले. आता चौथा डाऊन आणि दोन यार्ड.

धावणाऱ्या मुलांच्या कोचचा घसा याच मुद्द्यावर बसतो. आमच्या पोराला घरीही सारखं बजावायचो, वाट बंद दिसली तर खांदा घाल आणि दोन यार्ड घेऊन पड. तो म्हणायचा, “बाबा, तुम्ही काठी धरा.”

क्वार्टरबॅकलाही हेच लागू. स्वतःच्या ३० यार्ड रेषेवरून प्ले सुरू झाला, दुसरा डाऊन आणि दहा. क्वार्टरबॅक पास टाकायला २४ वर मागे आला. तिथे डिफेन्सच्या पोराने त्याला धरलं आणि ढकलत २० वर पाडलं. स्पॉट २४, नुकसान सहा यार्ड, पुढे तिसरा डाऊन आणि सोळा. पण तोच क्वार्टरबॅक पकडीतून निसटून स्वतः पळत १९ वर गेला आणि तिथे सापडला, तर नुकसान अकरा यार्ड, तिसरा डाऊन आणि एकवीस.

तिसरी पायरी: क्षण पकडा

खरी पंचगिरी इथे आहे. प्रोग्रेस थांबली हे कधी म्हणायचं? नियमात सेकंद दिलेले नाहीत, धरणाऱ्यांची संख्याही दिलेली नाही. मी ज्या पंचांच्या शेजारी उभा राहिलो ते पायांकडे बघायचे. रनर उभा आहे, दोघांनी कंबर धरलीय, पण पाय चालू आहेत आणि इंच इंच का होईना पुढे सरकतोय, तर चालू द्या. पाय थांबले, किंवा पाय चालू आहेत पण देह मागे जातोय, तर झालं.

अडचण मधल्या अर्ध्या सेकंदाची. एखादा तगडा रनर थांबल्यासारखा होतो, धरणारा सैल सोडतो, हा गिरकी मारतो आणि वीस यार्ड पळतो. पंचाने घाईने शिट्टी मारली तर लोक त्याला खातात. उशिरा मारली तर थांबलेल्या पोरावर तिसरा-चौथा येऊन आदळतो आणि कोणाच्या तरी मानेला इजा होते. शाळकरी पोरं आहेत. म्हणून पकड पक्की दिसली की बहुतेक पंच शिट्टीकडे झुकतात, आणि माझ्या मते ते बरोबर करतात. स्टँडमध्ये “त्याला खेळू द्या!” असं ओरडणाऱ्या बापांची पोरं त्या ढिगाच्या तळाशी नसतात, एवढं मी पाहून ठेवलंय.

शिट्टीबद्दल आणखी एक. शिट्टीने चेंडू सहसा डेड होत नाही. तो आधीच डेड झालेला असतो, शिट्टी ते जाहीर करते. त्यामुळे प्रोग्रेस थांबल्यावर आणि शिट्टी वाजण्याआधी डिफेन्सने चेंडू हिसकावला, तर पंच म्हणू शकतो की फंबल (हातून चेंडू सुटणं) नाहीच, प्ले त्याआधी संपला होता. स्टँडमधून हा निर्णय पक्षपाती वाटतो. पंच चुकून भलत्याच वेळी शिट्टी वाजवतो तेही होतं. तेव्हा चेंडू खेळाडूच्या ताब्यात असेल तर त्या संघाला निवड मिळते, आहे तो स्पॉट घ्या किंवा डाऊन पुन्हा खेळा. आणि प्ले संपल्याचं उघड दिसत असताना येऊन आदळणाऱ्याला १५ यार्डांचा दंड.

चौथी पायरी: ढिगाकडे नाही, पंचाच्या पायाकडे

मोठ्या संघाच्या मॅचला बहुधा पाच पंच असतात. रेफ्री क्वार्टरबॅकच्या मागे, अंपायर डिफेन्सच्या मधोमध, बॅक जज लांब मागे, आणि दोन्ही साइडलाइनला एकेक: लाइन्समन आणि लाइन जज. या शेवटच्या दोघांना विंग म्हणतात आणि फॉरवर्ड प्रोग्रेस त्यांची. कारण सरळ आहे, रेषेवर कोण कुठवर आलं हे बाजूनेच दिसतं. समोरून किंवा मागून बघणाऱ्याला अंतर कळत नाही. स्टँडच्या कोपऱ्यात बसलेल्या आपल्याला तर नाहीच नाही.

चेनवरच्या पहिल्या दिवशी माझ्या हातात डाऊन बॉक्स होता, म्हणजे वर डाऊनचा आकडा फिरवायची सोय असलेली काठी. चेंडूचं नाक जिथे, तिथे ती टेकवायची. पहिल्याच धावेला मी आज्ञाधारकपणे ढिगासमोर जाऊन काठी रोवली. पांढऱ्या मिशांचा लाइन्समन माझ्याकडे न बघताच म्हणाला की तुझे डोळे ढिगावर आहेत, माझ्या बुटावर ठेव. बघतो तर त्याचा बूट माझ्या काठीच्या दोन यार्ड पुढे. रनरला मागे रेटलं होतं आणि मी पडण्याची जागा धरून बसलो होतो. मागून कोणीतरी हसलं. बहुधा ती माझी बायको होती.

तेव्हापासून मी तेच करतो. रनर गर्दीत गेला की विंगकडे बघायचं. प्रोग्रेस थांबली की तो त्या यार्डाच्या समोर येतो, पुढच्या बाजूचं पाऊल नेमकं त्या जागी टाकतो आणि मैदानाच्या मध्याकडे काटकोनात चालत येतो, तिरपा नाही. तिरपा आला तर वाटेत यार्ड हरवतो. त्याचं ते पुढचं पाऊल म्हणजे चेंडूचं नाक. पलीकडचा विंग त्याच्या पावलाशी आपलं पाऊल जुळवून घेतो. रनर कुठल्या बाजूला होता त्यावर कोणाचा स्पॉट धरायचा ते दोघांच्या नजरेत ठरतं. क्वार्टरबॅकला फार मागे रेटलं असेल तर काही पंच त्या जागी छोटी बीन बॅग टाकून ठेवतात, म्हणजे गर्दी उठवताना जागा विसरायला नको.

आईला मी हेच दाखवलं. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचा तो माणूस, त्याचा अलीकडचा पाय. बस्स.

हवेत झेललेला चेंडू

पासच्या झेलाला नियमात खास वाक्य आहे. खेळाडूने हवेत उडी मारून चेंडू झेलला आणि डिफेंडरचा त्याला धक्का बसला, तर चेंडू ताब्यात आल्यानंतर तो सर्वांत पुढे जिथवर होता ती त्याची प्रोग्रेस.

समजा फर्स्ट डाऊनसाठी ४५ ची रेषा हवी आहे. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, ४६ वर क्वार्टरबॅककडे तोंड करून उडी मारतो, झेलतो, तेवढ्यात मागून डिफेंडर आदळतो आणि हा ४३ वर येऊन पडतो. स्पॉट ४६, फर्स्ट डाऊन. पण तो ४६ वर निवांत उतरला, कोणी शिवलं नाही, आणि वळण घेण्यासाठी स्वतः ४३ पर्यंत आला आणि मग पकडला गेला, तर स्पॉट ४३. दोन यार्ड कमी. दुसऱ्या पायरीचंच हे दुसरं रूप.

साइडलाइनजवळ आणखी गंमत. हायस्कूलमध्ये झेल पुरा व्हायला एक पाऊल आत टेकलं तरी पुरतं. हवेतल्या रिसीव्हरला डिफेंडरने धक्का दिला आणि तो बाहेर उतरला, तर झेल नाही, पास अपुरा. पण डिफेंडरने त्याला हवेतच मिठीत धरून, उचलून, चालत बाहेर नेलं, तर झेल पुरा! कारण त्याची प्रोग्रेस मैदानाच्या आतच थांबली. असा प्रसंग मी प्रत्यक्षात एकदाच पाहिलाय. उचलून नेणारा पोरगा इतका खूश होता की निर्णय ऐकल्यावर त्याचा चेहरा बघवेना.

घड्याळ

शेवटची दोन मिनिटं, मागे पडलेला संघ, टाइम-आऊट संपलेले. अशा वेळी रनर साइडलाइनकडे पळतो, कारण तो बाहेर गेला की घड्याळ थांबतं आणि पुढच्या स्नॅपपर्यंत, म्हणजे चेंडू पुन्हा खेळात येईपर्यंत, सुरू होत नाही. डिफेन्सला हे माहीत असतं. ते त्याला आतच अडवतात, मागे रेटतात आणि त्या झटापटीत सगळे बाहेर पडतात. स्टँडमधून दिसतं की रनर बाहेर गेला. पण त्याची प्रोग्रेस आत थांबली असेल तर घड्याळ चालूच राहतं. विंग हात गोल फिरवताना दिसेल, जणू रहाटाची दांडी फिरवतोय. तो हात दिसला की ओरडून उपयोग नाही.

याच्या शेजारी एक सवलत लक्षात ठेवा: मैदानाच्या आत फर्स्ट डाऊन मिळाला तर घड्याळ क्षणभर थांबतं आणि रेफ्रीने खूण केली की पुन्हा सुरू होतं.

गोल लाइन: दोन टोकांचे दोन न्याय

गोल लाइन म्हणजे एंड झोन जिथे सुरू होतो ती रेषा. समोरच्यांच्या गोल लाइनवर हिशोब सोपा. रनरच्या ताब्यातला चेंडू गोल लाइनच्या उभ्या पातळीला नुसता शिवला की टचडाऊन, म्हणजे गुण मिळाले, आणि प्ले तिथेच संपला. नंतर त्याला दहा यार्ड मागे फेकलं तरी काही फरक नाही. कबड्डीत बोट मध्यरेषेला लागलं की सुटला, तसं. पण हा न्याय फक्त गोल लाइनचा. फर्स्ट डाऊनच्या रेषेपर्यंत रनरने हात लांब करून चेंडू नेला आणि मग स्वतःच काखेत परत ओढून दोन पावलं मागे येऊन पडला, तर शिवल्याचे गुण नाहीत. ती रेषा जादूची नाही.

आता स्वतःच्या गोल लाइनपाशी. आपला रनर आपल्या दोन यार्ड रेषेपर्यंत आला, तिथे त्याला धरलं आणि ढकलत आपल्याच एंड झोनमध्ये पाडलं. समोरचे लोक दोन्ही तळहात डोक्यावर जोडून सेफ्टीची खूण करत नाचतात. सेफ्टी नाही. चेंडू दोन यार्ड रेषेवर. तोच रनर घाबरून स्वतः एंड झोनमध्ये पळाला आणि तिथे सापडला तर मात्र सेफ्टी, समोरच्यांना दोन गुण. चेंडू अडवून घेणाऱ्या डिफेंडरसाठी एक वेगळी सोय आहे: आपल्या पाच यार्ड रेषेच्या आत पास झेलला आणि त्याच वेगात एंड झोनमध्ये जाऊन प्ले तिथेच संपला, तर चेंडू झेलल्या जागी येतो, सेफ्टी होत नाही.

ढकलणं आणि सांडणं

आमच्या दक्षिण जर्सीत निम्मी जनता फिलाडेल्फिया ईगल्स या प्रोफेशनल संघाची. त्यांचा ‘टश पुश’ प्रसिद्ध आहे: क्वार्टरबॅक खाली वाकून घुसतो आणि मागचे दोघे त्याला पार्श्वभागावर हात लावून ढकलतात. प्रोफेशनल लीगमध्ये मे २०२५ मध्ये बंदीचा प्रस्ताव मताला आला, २४ मतं लागत होती, २२ पडली. घरी टीव्हीवर हे बघून पोरं शुक्रवारी तेच करायला जातात आणि पंचाचा दंडाचा झेंडा पडतो. हायस्कूलच्या पुस्तकात रनरची प्रोग्रेस वाढवण्यासाठी साथीदाराने त्याला ढकलणं, ओढणं, उचलणं मना आहे. पाच यार्ड दंड. प्रत्यक्षात गर्दीत कोण कोणाला रेटतंय ते दिसत नाही आणि बरंचसं सुटून जातं, हेही खरं.

रनरच्या हातून सुटून पुढे सांडलेला चेंडू साइडलाइनबाहेर गेला तर पूर्वी हायस्कूलमध्ये तो जिथे बाहेर गेला तिथला स्पॉट मिळायचा. फुकटचे यार्ड. २०२५ च्या हंगामापासून तो जिथे सुटला तिथे परत येतो. जुने पालक अजून जुन्या नियमावर वाद घालतात.

चेन आली मैदानात

पंचांनाही शंका असेल तर ते चेन बोलावतात. दोन काठ्यांमध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी. ती सरळ मैदानात नेली तर मूळ जागा कशी सापडणार? त्यासाठी क्लिप. मालिका, म्हणजे नवे चार डाऊन, सुरू होताना साखळीवर, जिथे ती पाच यार्डांच्या एखाद्या मोठ्या रेषेवरून जाते, तिथे लाइन्समन एक चिमटा लावून घेतो. मोजताना चिमटा त्या रेषेवर धरायचा, साखळी ताणायची आणि पुढच्या काठीशी चेंडूचं नाक जुळतंय का ते बघायचं. काठीला नाक लागलं तरी फर्स्ट डाऊन. मोजण्याआधी चेंडू साइडलाइनला समांतर, लांबट ठेवतात. आडवा ठेवला तर नाकाचे काही इंच गेले.

जाणकार पंच नवी मालिका शक्यतो पूर्ण यार्डाच्या रेषेवर सुरू करतात. मग दहा यार्ड पुढची रेषा डोळ्यांनीच दिसते आणि चेन क्वचितच आणावी लागते. चेनवाल्यांना एक अलिखित नियम असतो, टाळी वाजवायची नाही. पोराने पहिला टचडाऊन केला तेव्हा मी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून भालदारासारखा उभा होतो.

वाद घालायचा असेल तर

पालकांनी नाही, कोचने. तोही एका मर्यादेत. नियम चुकीचा लावला असं वाटलं तर कोच टाइम-आऊट मागून रेफ्रीशी बोलू शकतो. पंचांनी निर्णय बदलला नाही तर तो टाइम-आऊट खर्च होतो. पण ‘प्रोग्रेस पस्तीसवर नाही, चौतीसवर थांबली’ हा नियमाचा प्रश्न नाही, नजरेचा आहे. त्यावर दाद नाही. कोचने विचारायचं असेल तर असं: ‘त्याला रेटलं की तो स्वतः मागे आला?’ या प्रश्नाला विंगकडून सरळ उत्तर मिळतं, कारण तो त्याच्याच कामाचा प्रश्न आहे.

सराव करायचा तर शाळेच्या ज्युनियर संघाची मॅच बघा. गर्दी कमी असते, साइडलाइनजवळ उभं राहता येतं. किंवा घरी मॅचच्या व्हिडिओवर रनर धरला गेला की थांबवा, बोटाने रेषा दाखवा, मग पुढे चालवून पंचाचा बूट कुठे पडतो ते बघा. आठवडाभरात डोळा बसतो.

त्या शुक्रवारी आईचा बसायला एक मॅचही लागली नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्या संघाचा रनर घुसला, आमच्या पोरांनी त्याला धरून मागे फरफटत नेलं आणि आमचा सगळा स्टँड चौथा डाऊन अडवला म्हणून उभा राहून ओरडायला लागला. मीही उठलो. आईने माझा शर्ट धरून खाली बसवलं.

“उगीच नाचू नकोस. त्या पट्टेवाल्याचा पाय बघ की, हातभर पुढं हाय.”